मधली खोली सोडून

गेरार्दाने आजोबांचं घर विकत घेतलं, ते मधली खोली सोडून. नोटरीने खरेदीखत मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा "वरच्या मजल्यावरील मधली खोली वगळून" हे शब्द दोनदा आले, आणि दोन्ही वेळा ती खुर्चीत जराशी पुढे सरकली. मी साक्षीला बसले होते. बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मी विचारलं, "मधल्या खोलीचं काय गं?"

"कानियो देतो म्हणालाय. नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"नंतर म्हणजे नंतर, कुम्मा. चाळीस वर्षं थांबले, आता महिन्याभरासाठी कशाला कटकट करू?"

गल्लीत माझं दार तिच्या दारासमोर आहे. आमच्या डोंगरातल्या गावांत समोरच्या दारातल्या बाईला कुम्मा म्हणतात, मग पटो न पटो.

आजोबा रोक्को यांनी मरताना सहा मुलांना सहा खोल्या वाटून दिल्या होत्या. तेव्हा सगळे असंच करत. जिना सगळ्यांचा, चूल एकाची, चुलीवरची खोली दुसऱ्याची. गेरार्दाच्या बापाच्या वाट्याला तळातला गाढवाचा गोठा आला. शाळेत मुलं तिला गोठेवाली म्हणायची. एकोणिसाव्या वर्षी ती दूर उत्तरेला तोरिनो शहरात गेली आणि एका शाळेच्या स्वयंपाकघरात अडतीस वर्षं रोज चारशे ताटं वाढत राहिली. नवरा वितो कारखान्यात. भाड्याचं घर चौथ्या मजल्यावर, खाली ट्राम. "घर घ्यायचं तर गावी," असं वितो दर उन्हाळ्यात म्हणायचा, आणि पेन्शनला दोन वर्षं राहिली असताना गेला. मूलबाळ नव्हतं. मग तिने एकटीनेच एकेका चुलत-आते भावंडाला गाठायला सुरुवात केली. कुणाला पत्र, कुणाकडे डबाभर बिस्किटं घेऊन. चार वर्षांत चौघांच्या सह्या झाल्या, गोठा तिचा होताच. राहिला कानियो, तिचा आतेभाऊ. मधली खोली त्याच्या आईची, दोनाता आत्याची.

कानियोबद्दल कुणाला शंका नव्हती. तो तीस वर्षं गावच्या नगरपालिकेत कारकून होता. गावातल्या प्रत्येकाचे जन्माचे, लग्नाचे, मयताचे कागद त्याने आपल्या वळणदार अक्षरात भरलेले. घर मोजायला आलेला सर्व्हेअरसुद्धा म्हणाला, "कानियोचं काय बघायचंय? तो स्वतःच कागदवाला."

सप्टेंबरात ती राहायला आली. सज्जात लाल मिरच्यांच्या माळा लटकवल्या, वितोचा फोटो चुलीवरच्या फळीवर ठेवला, आणि मला बोलावून म्हणाली, "बघ, आता मी कुठल्याही खोलीत चप्पल घालून फिरते." एका खोलीत फिरता येत नव्हतं. जिन्याच्या माथ्यावर तीन दारं, आणि मधल्या दाराला कुलूप. ती ते कुलूपही फडक्याने पुसायची.

ऑक्टोबरात पाऊस लागला आणि स्वयंपाकघराच्या छतावर बशीएवढा डाग आला. आठवड्यात त्याची परात झाली. मिम्मो गवंडी छपरावर चढून आला आणि कपाळ पुसत म्हणाला, "कौलं फुटलीत, बरोब्बर मधल्या खोलीवर. पण कौलं बदलून भागायचं नाही. खाली तुळई कुजलीय की नाही ते आत जाऊन बघावं लागेल. आणि आधी मालकाची सही आणा, बाई. परवान्याशिवाय मी हात लावला तर मलाच दंड."

"मालक मीच आहे."

"तिथली नाही."

ती तशीच अॅप्रनवर बारमध्ये गेली. कानियो पत्ते खेळत होता. उठून उभा राहिला, तिला खुर्ची दिली, कॉफी मागवली.

"कानियो, माझ्या चुलीवर पाणी पडतंय."

"ऐकलं मी. यंदा पाऊस जास्तच आहे."

"सही देतोस ना?"

"देतो की. असुंताची तब्येत जरा बरी होऊ दे." असुंता त्याची बायको, कधीपासून आजारी. "नंतर बसू आपण."

"निदान किल्ली दे. मी फक्त एक भांडं ठेवते आत."

त्याने पत्ते नीट लावले. "किल्ली शोधावी लागेल," म्हणाला.

ती परत आली आणि मला म्हणाली, "भांडत पण नाही गं. भांडला असता तर बरं झालं असतं."

तेव्हा मी तिला सांगितलं. सांगावं की नाही, दोन दिवस विचार केला होता. गावात सगळ्यांना ठाऊक होतं, तिलाच नव्हतं. मयताच्या घरी आम्ही चूल पेटू देत नाही. आठवडाभर नातेवाईक पाळीपाळीने जेवण नेतात, त्याला कोन्सोलो म्हणतात. कुणी कधी न्यायचं ते घरातल्या बायका ठरवतात. अकरा वर्षांपूर्वी दोनाता आत्या गेली तेव्हा तिसऱ्या दिवसाचं दुपारचं जेवण गेरार्दाच्या नावावर होतं. तिने तोरिनोहून फुलांचं भलंमोठं चक्र पाठवलं, सोनेरी अक्षरांच्या फितीसकट. तिसऱ्या दिवशी कानियोच्या घरी टेबलावर चादर अंथरलेली, ताटं मांडलेली, माणसं बसलेली, आणि जेवण आलंच नाही.

गेरार्दाने अॅप्रन सोडून खुर्चीवर टाकला. मग म्हणाली, "मला वाटलं, फुलं दिसतील लोकांना."

"दिसली ना. लोक अजून बोलतात."

"चारशे ताटं वाढत होते मी रोज. तुला एक फोन केला असता, तर तू नेलं असतंस."

"नेलं असतं."

त्या दिवसापासून ती भरपाईच्या मागे लागली. चण्यात शिजवलेल्या कणकेच्या पट्ट्या, तळलेल्या मिरच्या, नाताळात मधाचे गोळे. कानियो सगळं घ्यायचा, आभार मानायचा, आणि दुसऱ्या दिवशी भांडं धुऊन, पुसून परत आणायचा. किल्लीचं नाव नाही. डाग भिंतीवर उतरला. तिने टेबल सरकवलं, मग कपाट, मग पलंग गोठ्याच्या वरच्या छोट्या खोलीत नेला.

"तू मागे मागे सरकतेयस," मी म्हटलं.

"जागा आहे तोवर सरकते."

दोन वर्षांनी नोव्हेंबरात असुंता गेली. अंत्यविधीहून परतताना गेरार्दा माझ्या कानाशी आली. "माझी पाळी कुठली, विचार ना रोझारियाला." रोझारिया म्हणजे असुंताची बहीण, कोन्सोलोची यादी तिच्याकडे. मी विचारलं. रोझारिया म्हणाली, "तिची? तिला सांग, फुलं पाठव."

हा निरोप मी दिला नाही. नुसतं म्हटलं, यादी भरलीय.

सात दिवस समोरच्या सज्जातून ती बघत राहिली. झाकलेली भांडी घेऊन बायका वर कानियोच्या घरी जात होत्या, रिकाम्या हातांनी उतरत होत्या. आठव्या दिवशी जाणं-येणं थांबलं. त्या सकाळी तिने कोंबडी चढवली, शेवया केल्या, कॉफीची किटली फडक्यात गुंडाळली आणि माझ्या दारात आली. "चल. एकटीने माझे पाय उचलणार नाहीत."

"आठव्या दिवशी कोण नेतं गं?"

"आठव्या दिवशी त्याला भूक लागत नाही का?"

कानियोने दार उघडलं. त्याच्या टेबलावर पावाचा तुकडा आणि सुरी होती, बाकी काही नाही. गेरार्दाने न विचारता चादर अंथरली, ताट मांडलं, वाढलं. तो जेवला. आम्ही दोघी भिंतीला लागून उभ्या. अर्धं ताट झाल्यावर तो म्हणाला, "मीठ कमी आहे."

"शाळेची सवय."

"बसा गं दोघी. पोलिसांसारख्या काय उभ्या."

बसलो. गेरार्दाने हात मांडीत घेतले आणि म्हणाली, "कानियो, आत्याच्या वेळी मी चुकले. हे तेव्हाच आणायला हवं होतं. माफ कर."

त्याने काटा खाली ठेवला. "तिसऱ्या दिवसाचं म्हणतेस? अगं, अंडी तळली आम्ही. चूल पेटवायची नाही म्हणून शेजारच्या सज्जात, गॅसवर. असुंता इतकी हसली त्या दिवशी. त्याचं काय?"

"त्यामुळेच ना तू सही देत नाहीस?"

"लोक तसं म्हणाले," तो म्हणाला. "मी म्हणू दिलं."

मग तो उठला आणि कपाटाच्या खणातून एक लिफाफा आणला. बाहेर अर्जेंटिनाची टपाल-तिकिटं. आत तिकडे गेलेल्या त्याच्या भावाचं, पास्क्वालेचं, मुखत्यारपत्र. आई गेली त्या वर्षी पास्क्वालेने सही-शिक्के करून पाठवलेलं, माझा हिस्सा तुला, तूच काय ते कर म्हणून. ते कचेरीत नेऊन आईच्या मागे वारसनोंद करायची, एवढंच काम. कानियोने गावातल्या दोन-तीनशे घरांची केली असेल.

"मग?" गेरार्दा म्हणाली.

"फॉर्म भरायला बसलो. सगळं भरलं. आईच्या नावापुढे 'मयत' लिहायचं होतं, म्हटलं, हे उद्या लिहू." तो लिफाफा हातात फिरवत होता. "सगळ्यांच्या आयांच्या पुढे लिहिलंय मी. एका हाताने सँडविच खात. मग असुंता आजारी पडली. मग पास्क्वाले गेला. माणूस गेला की मुखत्यारपत्र संपतं, हे मीच लोकांना सांगायचो."

"म्हणजे खोली तुझी नाही?"

"माझी आहे. आणि पास्क्वालेच्या पाच मुलांची. त्यातल्या दोघांची नावंसुद्धा मला ठाऊक नाहीत. कागदावर अजून आईचीच आहे."

"मला सांगायचंस ना, कानियो. दोन वर्षं माझ्या स्वयंपाकघरात पाऊस पडतोय."

"कुणाला सांगू? कागदवाल्या कानियोचे कागद नाहीत म्हणून? रागीट म्हणतात ते परवडलं."

गेरार्दाला राग यायला हवा होता असं मला वाटलं, पण तिने उठून त्याचं ताट उचललं आणि धुवायला घेतलं. दोन वर्षं ज्याची माफी मागायची म्हणून ती झुरत होती, त्याचा सहीशी काही संबंधच नव्हता. आता माफी मागण्यासारखं कुणी उरलं नव्हतं.

किल्ली त्याच लिफाफ्याखाली होती.

आम्ही तिघं तिच्या घरी गेलो. कुलूप लगेच उघडलं. तिने इतके दिवस पुसलेलं. आत आत्याचा पलंग, वर गुंडाळलेली गादी, खिळ्याला काळी पडलेली मिरच्यांची माळ. आणि बरोबर गळक्या कौलांखाली एक मोठं जस्ताचं घमेलं, काठोकाठ भरलेलं.

"हे मीच ठेवलं होतं," कानियो म्हणाला. "तू घर घ्यायच्या आधी. तुझं नुकसान नको म्हणून."

पाणी घमेल्यातून उतू जाऊन फरशीच्या भेगांतून खाली जात होतं. दोघांनी दोन कान धरून ते जिन्यावरून उतरवलं, आणि मी दार धरून उभी राहिले. मिम्मोला बोलावलं. त्याने तुळईत सुरी खुपसली, ती मुठीपर्यंत आत गेली.

"अजून उभी आहे," तो म्हणाला. "का उभी आहे ते विचारू नका. सह्या आणा."

कानियोने त्या हिवाळ्यात अर्जेंटिनाला अकरा पत्रं लिहिली, आधी जुन्या पत्त्यावर, मग तिथल्या चर्चला, मग गावातल्या एका माणसाच्या तिथल्या मेहुण्याला. पाऊस लागला की तो छत्री घेऊन यायचा, गेरार्दाबरोबर घमेलं रिकामं करायचा आणि मग खाली सूप प्यायला बसायचा. खाली म्हणजे गोठ्यात. स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा एका दुपारी चुलीवर पडला, तेव्हापासून ती स्वयंपाक गोठ्यात करते. वितोचा फोटो गाढवाच्या गव्हाणीवर ठेवलाय. घरात कोरडी म्हणावी अशी तेवढीच जागा उरली, आणि ती तिला बापाकडून फुकटच मिळालेली होती.

"इथे मीठ बरोबर पडतं तुझ्या हातून," कानियो म्हणतो.

"जवळ आहे ना डबा. हात लांब करावा लागत नाही."

मे महिन्यात उत्तर आलं. पास्क्वालेच्या धाकट्या मुलीचं, मारिसेल नावाच्या. कानियोने ते आम्हाला गोठ्यात वाचून दाखवलं. आमची भाषा तिने कुठूनतरी शिकून लिहिली होती, चुकतमाकत. तिने लिहिलं होतं की पत्र वाचून ती आणि तिचे चौघे भाऊ रडले. बाबा मरेपर्यंत आपल्या आईच्या खोलीबद्दल बोलत असत. ती अजून आमचीच आहे हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. विकायचा प्रश्नच येत नाही. भावांचंही तेच मत. पुढच्या वर्षी नाहीतर त्याच्या पुढच्या वर्षी, तिकिटाचं जमलं की आम्ही येऊ. जमलं तर मी तिथेच राहीन. खोलीला खिडकी आहे का, आणि तिच्यातून काय दिसतं? तिथे राहणाऱ्या गेरार्दा आत्याला सांगा, तोवर खोलीला जरा हवा लागू द्या.

कानियोने पत्राची घडी केली. गेरार्दाकडे बघायचं त्याने टाळलं. "मी परत लिहितो," म्हणाला. "तुळईचं सांगतो. छपरापुरती तरी सही पाठवा म्हणतो."

"पाचही जणांची लागेल?"

"पाचही जणांची. त्यातला एक कुठेतरी दक्षिणेला जहाजावर असतो म्हणे."

गेरार्दा मटार सोलत होती. राहिलेल्या शेंगा तिने सोलून घेतल्या, साली कोंबड्यांच्या बादलीत टाकल्या आणि हात पुसले. मग ती जिना चढली. आम्हाला वर दार उघडल्याचा आवाज आला, मग खिडकीच्या फळ्या ओढल्याचा. त्या फुगल्या होत्या, दोनदा ओढाव्या लागल्या.

"काय दिसतं गं तिथून?" कानियोने खालून विचारलं. "तिला कळवायचंय."

"कुम्माचं दार," ती वरून म्हणाली. "आणि ढग."

कानियोने सवयीने छत्री जवळ ओढली.