चार बोटांची फट

“पोटात मूल नाही,” उस्मानाबादच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पोटाचे दोन उभे स्नायू मधोमध फाकलेत.”

तिसऱ्या बाळंतपणाला पाच महिने झाले होते आणि पोट ओसरत नव्हतं. आमच्या बेंबळी गावात बायका मला कितवा महिना म्हणून विचारायच्या. वाकलं की कंबर धरायची. निजून उठताना पोटावर उभा उंचवटा यायचा. सासूबाई वात म्हणायच्या आणि माझ्या पोटाला जुनं लुगडं करकचून बांधायच्या. शेवटी नवऱ्यानं एसटीनं दवाखान्यात आणलं.

बाकड्यावर दुपारपर्यंत बसलो. तपासणी मात्र दोन मिनिटांत झाली. बाईंनी मला उताणं निजवलं, डोकं उचलायला लावलं आणि बेंबीच्या वर बोटं ठेवली. फटीत चार बोटं बसली. याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. मूल वाढताना ताणलेले स्नायू परत जवळ येत नाहीत. औषध नव्हतं, व्यायाम होता. गुडघे दुमडून निजायचं, श्वास सोडत पोट आत ओढायचं, दहापर्यंत मोजायचं. नंतर दोन्ही हातांनी पोट जवळ धरून नुसतं डोकं उचलायचं. सकाळ-संध्याकाळ.

“तीन महिने हिला घागर उचलू द्यायची नाही,” बाईंनी नवऱ्याला समोर बसवून सांगितलं.

“व्हय,” ते म्हणाले.

घरी सासूबाईंनी विचारलं तेव्हा नवऱ्यानं अशक्तपणा आहे एवढंच सांगितलं. बायकोच्या पोटाविषयी आईशी बोलायची त्यांना लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी विहिरीवर होते.

मग मीच सांगितलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “म्या सहा बाळंतपणं काढली. मला कुणी निजवलं न्हाय.” त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांचंही पोट तसंच लोंबत होतं. त्याचं नाव त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

मी कडब्याच्या खोलीत गोणपाट टाकून व्यायाम करू लागले. लोळते म्हणून बोलणी खाल्ली. शेजारच्या रशीदाबीनं एकदा मला विहिरीवर पोट धरून बसलेलं पाहिलं. तिनं काही विचारलं नाही. माझी घागर आपल्या डोक्यावर घेतली आणि पुढं तीन महिने घेत राहिली. तिला स्वतःची चार मुलं होती.

तीन महिन्यांनी पुन्हा दवाखान्यात गेलो, तेव्हा फट दीड बोटावर आली होती. कंबर पुष्कळ सैल झाली. डॉक्टरीणबाई खूश होऊन नवऱ्याला म्हणाल्या, “तुम्ही घरच्यांनी चांगली काळजी घेतलीत.”

ते हसले. मी पदर सारखा केला आणि गप्प बसले.

बायांनो, पोटाची फट भरत आली, पण तेव्हाचं माझं गप्प बसणं अजून सलतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर व्यायामाला लाजू नका, कुणी हसलं तरी करा. आणि ज्या बाईनं तुमची घागर उचलली, तिचं नाव डॉक्टरांपुढं घ्या. मी घेतलं नाही. रशीदाबीला तर मी त्या दिवशी बरी झाल्याचंसुद्धा सांगितलं नाही. माझी घागर मी उचलली, तेव्हा तिला कळलं.