दोन जादा पाटे

ओझे माणसाला नम्र करते, असे थोर माणसे गंभीरपणे सांगतात. माणसाचे मी पाहिलेले नाही; माझा धाकटा भाऊ प्रल्हाद याच्या पिकअपला मात्र ते करते. तीस पोती सोयाबीन घेऊन ती मखरातली गौर न्यावी इतक्या हळुवारपणे चालते, आणि रिकामी झाली की तिच्या हौद्याचा खडखडाट वेशीपासून ऐकू येतो.

या उद्दामपणाचे मूळ आमच्याच शहाणपणात आहे. आमच्याकडे नवी गाडी आली की नारळ फुटण्याआधी मागच्या चाकांवरच्या कमानीत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, दोन जादा पोलादी पाटे पडतात. माल वाढतो, बसणाऱ्याच्या हाडांचा विचार कुणी करत नाही. मीही केला नव्हता, पत्नीच्या मणक्याचे ऑपरेशन होईपर्यंत. कुसुमला वाशीमहून शेलूबाजारला घरी आणायचे होते आणि डॉक्टरांनी बजावले होते, एकही धक्का नको.

"घरची गाडी असतानी भाड्याची कायले?" म्हणत प्रल्हादने सीटवर दोन गाद्या टाकल्या आणि तो मोकळा झाला.

गाडी गॅरेजात नेली तेव्हा रशीद मिस्त्री त्या गाद्यांकडे पाहून हसले. "दगडाले मखमल गुंडाळली त तो मऊ होते काय, भाऊ?" त्यांनी जादा पाटे काढून माझ्याकडे दिले, चाकांतली हवा थोडी उतरवली आणि हौद्यात रेतीची आठ पोती ठेवायला लावली.

माझा संताप तिथे उसळला. माणसाला सुखाने बसता यावे म्हणून आधी रेतीला बसवायचे! पोते उसवू नये म्हणून जिवाचे रान करणाऱ्या आपल्या बुद्धीला मणक्याची आठवण टाके पडल्यावरच का यावी? आणि जाहिरातीत याच गाडीत बसून हसणारे ते गोजिरे कुटुंब कोणत्या ग्रहावरच्या रस्त्याने जाते?

दवाखान्याच्या दारात कुसुमने हौद्यात नजर टाकली. "मले न्याले आले, का रेती न्याले?"

वाटेत ती एकदाही कण्हली नाही. गाडी प्रल्हाद चालवत होता; गतिरोधक आला की डोळे मीच मिटत होतो. ओझे नम्र करते, हे त्या दिवशी मला पटले. फक्त ते कुणाच्या पाठीवर ठेवायचे, एवढाच विवेक हवा.

सोयाबीन पिकले तेव्हा प्रल्हाद जादा पाटे मागायला आला. कुसुमने लोहाराकडून त्यांचे विळे करून घेतले होते. सोयाबीन त्याच विळ्यांनी कापले.