स्टेबल आणि बेटर

नंदूकाका जाऊन महिना होत आला, तरी फोन वाजला की तो मी दुसऱ्या कुणाला तरी उचलायला लावते. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात वापीच्या हॉस्पिटलातून काकूचा फोन यायचा, आणि दर वेळी निरोप एकच... "डॉक्टर स्टेबल म्हणाले गं. देव पावला!" बोर्डीच्या घरी सगळ्यांचे चेहरे खुलायचे. मला मात्र तो शब्द खटकायचा.

त्याला कारण काकाच. बोर्डीच्या शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं, आणि मला, सख्ख्या पुतणीला, तर सुट्टीतही सोडलं नाही. सारखे वाटणारे दोन शब्द आले की अर्थ सांगायचे नाहीत. विचारायचे, "हा शब्द ऐकलास. आता उठून काय करशील?" एकदा वाडीत नेऊन त्यांनी चिकूला नख लावून दाखवलं. सालीखाली हिरवं नव्हतं. "हा मॅच्युअर, म्हणजे उतरवायचा. घरात राइप झाला की खायचा. झाडावरच राइप व्हायची वाट बघत बसलीस, तर वटवाघळांचं जेवण होईल!" असला मास्तर घरात असणं म्हणजे छळच, पण शब्द डोक्यात कायमचे बसले.

शेवटी मीच वापीला गेले आणि डॉक्टरांना गाठलं. "स्टेबल, की बेटर?" "बेटर नहीं कह सकता," ते म्हणाले. काका होते तिथेच, म्हणजे धोक्यातच, टिकून होते, इतकंच. मग आता उठून काय करायचं? त्यांची एकुलती मुलगी शुभा बंगळुरूला. काकू म्हणत होती, "तिच्या मुलांच्या परीक्षा आहेत. हे घरी आले की येईल निवांत. उगाच अभद्र बोलू नकोस." मी बाहेर जाऊन शुभाला फोन लावला. माझं चुकलं तर? आणि नाही चुकलं तर... ते तर त्याहून वाईट. "आजच निघ," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोलीच्या दारात उभी राहिली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आजाराबद्दल त्यांच्याशी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, पण तिला अशी अचानक आलेली पाहून त्यांना सगळं कळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्यानंतरची सकाळ त्यांना दिसली नाही.

"तू बोलावलंस?" त्या दुपारी त्यांनी मला विचारलं. मी मान डोलावली.

"बरं केलंस," म्हणाले, आणि लेकीला बसायला जागा व्हावी म्हणून हळूहळू, धापा टाकत, खाटेच्या कडेला सरकले.