सुगंध सहाव्या जागी

आमच्या शेजारचा भिंग मुळातच चुळबुळ्या. पण त्या आठवड्यात त्याने जिना जितका झिजवला, तितका इमारतीतल्या सगळ्यांनी मिळून वर्षभरात झिजवला नसेल.

भिंग म्हणजे लेबलं छापणाऱ्या छापखान्यात प्रूफं तपासणारा. जुनं लेबल डावीकडे, नवं उजवीकडे, डोळ्याला भिंग, आणि फरक दिसला की लाल खूण. सव्वीस वर्षं हेच, म्हणून नावही तेच पडलं. ग्लिसरीन, स्टिअरिक ॲसिड, फिनॉक्सीइथेनॉल हे शब्द तो झोपेतही बिनचूक लिहील. त्यांचं काम काय, विचारलंत तर तोंड वासून बघेल.

या गृहस्थाने लग्नानंतर बायकोला हौसेने आणलेली वस्तू एकच. क्रीमची डबी. तीही कंपनीने छापखान्यात फुकट वाटलेली. वहिनींना हे ठाऊक नव्हतं, आणि मला कसं ठाऊक ते विचारू नका. डबीवर कोरफडीचं भलंमोठं पान, खाली ‘त्वचेला शांतवणारे’. वहिनींनी ती आरशापुढे अशी मांडली की आल्यागेल्याची नजर पडलीच पाहिजे. संपल्यावर त्या तेच क्रीम विकत आणू लागल्या. “ह्यांनी आणलं होतं हो पहिल्यांदा,” हे आमच्या हिला आठवड्यातून दोनदा ऐकावं लागे. मग मला.

पुढे वहिनींचे गाल लाल व्हायला लागले. आग होई. आग झाली की त्या शांतवणारं क्रीम थापत, थापलं की आणखी आग.

“वय झालं,” त्या म्हणत.

“दोनदा लावून बघ,” भिंग म्हणे.

एका सोमवारी नवी डबी उघडताना भिंगाने सवयीने खोक्यावरची घटकांची यादी वाचली आणि पुन्हा वाचली. सुगंध सहाव्या जागी! जुन्या लेबलावर तो चौदावा, सगळ्यात शेवटी होता. नवं लेबल तपासलं होतं खुद्द भिंगानेच. लाल खूणसुद्धा केली होती. साहेब म्हणाले, “चूक नाही, कंपनीने बदललंय, जाऊ द्या.” त्याने सही ठोकून जाऊ दिलं होतं. आणि वहिनींचे गाल लाल व्हायला लागले, ते त्यानंतरच.

आता सांगावं तर संसारातली एकुलती एक शाबासकी जाणार, न सांगावं तर बायकोचे गाल. मंगळवार गेला, बुधवार गेला. तो खाली जाई, वर येई, पुन्हा खाली जाई.

“अहो, मुंग्या चावतायत का? बसा की एका जागी,” वहिनी म्हणाल्या.

तो बसला, उठला, डबी कपाटात दडवली. वहिनींनी ती हुडकून त्याच्यासमोरच गालांना चोपडली.

गुरुवारी तो खोका घेऊन औषधांच्या दुकानात गेला आणि वहिनींच्या गालांची हकिकत सांगितली. दुकानवाली बाई चटपटीत.

“काका, यादी वजनाने लावतात. जास्त ते आधी. म्हणून पाणी पहिलं.”

“आणि कोरफड?”

“ही काय, तेरावी. फोटोत पुढे, कामाला मागे!”

“म्हणजे सुगंधानेच घात केला.”

“थांबा हो. एक टक्क्याखालच्या जिनसांची रांग कुणी कशीही लावतं. वर चढला म्हणजे वाढलाच, असं छातीठोक नाही सांगता येत. आता काकूंच्या कातडीलाच विचारा. चेहऱ्याला लावणं आजपासून बंद. कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं, दिवसातून दोनदा. लाल झालं तर हे क्रीम त्यांना सोसत नाही. नेमकं कशाने, ते त्वचेचे डॉक्टर शोधतील.”

घरी त्याने एवढंच सांगितलं, की दुकानवालीने कोपराला लावून बघायला सांगितलंय. सोबत स्वतःच्याही कोपराला लावलं. त्याला ढिम्म काही झालं नाही. शनिवारी वहिनींचं कोपर लालभडक.

“म्हणजे वय नाही!” वहिनी हरखल्या. “क्रीमच मेलं वाईट! तुम्ही तरी काय करणार? चांगल्या मनानेच आणलंत.”

इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं की नाही? पण शाबासकी दुसऱ्यांदा मिळाली, ती त्याला पचेना.

“लेबल मीच पास केलं होतं,” तो म्हणाला. “सुगंध वर चढलेला दिसला होता. आणि सोमवारी खोका वाचला तेव्हा लक्षात आलं.”

“सोमवारी?”

“हो.”

“मंगळवारी, बुधवारी मी चोपडत होते तेव्हा तुम्ही कुठे होतात?”

“समोर.”

आमच्या भिंतीतून एवढंच आलं. मी कान लावून उभा होतो, पण त्या शनिवारपासून वहिनींनी त्याच्याशी अबोलाच धरला.

डॉक्टरीणबाईंकडे वहिनी एकट्या जाऊन आल्या. पंधरा दिवसांत गाल निवले. भिंग मात्र रोज संध्याकाळी आमच्याकडे येतो, खुर्चीच्या कडेला टेकतो आणि आमच्या हिला विचारतो, “माझ्याबद्दल काही म्हणाली का हो?”

“स्वतः जाऊन विचारा,” ही म्हणते.

तो उठतो, दारापर्यंत जातो, आणि परत येऊन टेकतो.