चहात बुडवलेल्या टिकल्या : डॉ. रेहाना मुजावर यांच्या साठीनिमित्त

डॉ. रेहाना मुजावर यांची माझी पहिली भेट कोथरूडच्या त्यांच्या दवाखान्यात, दंतवैद्याच्या नोकरीच्या मुलाखतीत झाली. मुलाखत कसली! त्यांनी एक काढलेला दात माझ्या हातावर ठेवला आणि विचारले, "याचा रंग कोणता?" मी म्हणाले, "पांढरा." मॅडम खळखळून हसल्या. "उद्यापासून ये. पांढऱ्याचे प्रकार किती ते दाखवते."

रुजू होऊन काही महिने झाले असतील. निवृत्त चित्रकला शिक्षक करमरकर सर तणतणत आत आले. त्यांच्या पुढच्या दातात दाताच्याच रंगाचे फिलिंग मी भरले होते. आता दात उजळला होता आणि फिलिंग पिवळट, खरबरीत दिसत होते.

"डॉक्टर, हे काम रंगाऱ्याकडून करून घेतलंत का?" सरांनी विचारले.

नोकरी गेली, असेच मी धरून चालले. मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "सर, माझ्या दवाखान्यात झालेलं काम माझं. बिघडलं असेल तर मीच दुरुस्त करीन. पण आपण दात कशाने घासता?"

सर दात पांढरे करणारी पेस्ट वापरत होते, तीही चांगला जोर लावून. मॅडमांचे डोळे चमकले. "मेधा, शोधून काढू या!"

फिलिंगच्याच मसाल्याच्या बटणाएवढ्या टिकल्या आम्ही बनवल्या. अर्ध्या साध्या पेस्टने, अर्ध्या सरांच्या पेस्टने रोज घासायच्या आणि मग चहात बुडवून ठेवायच्या. दुपारी दवाखाना बंद झाला की मॅडम बाह्या सरसावून बसत. त्यांचा उत्साह पाहून आमच्या रिसेप्शनच्या बाईही ब्रश घेऊन बसू लागल्या.

काही आठवड्यांनी मॅडमांनी परीक्षक म्हणून बोलावले ते खुद्द करमरकर सरांना! कोणती टिकली कुठल्या पेस्टची, हे त्यांना सांगितले नव्हते. सरांनी चष्मा पुसला, टिकल्या खिडकीशी नेल्या.

"या मळलेल्या," म्हणत त्यांनी काही टिकल्या बाजूला काढल्या.

मॅडमांनी त्या उलटून मागच्या खुणा पाहिल्या आणि टाळीच वाजवली. सगळ्या सरांच्या पेस्टच्या! पेस्टमधल्या खरखरीत कणांनी दातावरचे डाग निघत होते. फिलिंगचा मूळ रंग मात्र उजळत नव्हता. उलट त्याची झिलई जाऊन त्यावर चहाचे डाग धरत होते.

"म्हणजे माझं काम चुकलं नव्हतं!" मी ओरडलेच.

"नव्हतं गं. पण पेस्टबद्दल पेशंटला आधी सांगायचं असतं, ते मी तुला शिकवलं नव्हतं," मॅडम म्हणाल्या. "आणि एवढ्याशा टिकल्यांवरून सगळ्या पेस्टना नावं ठेवायची नाहीत."

लगेच त्यांनी सरांचे फिलिंग पॉलिश केले. सरांनी बराच वेळ आरशात पाहिले. "हं. आता हसायला हरकत नाही," म्हणाले, आणि खरोखरच हसले.

पुढे दंतवैद्यांच्या सभेत हा प्रयोग मांडायची वेळ आली, तेव्हा मॅडमांनी मला व्यासपीठावर पाठवले आणि स्वतः पहिल्या रांगेत बसल्या. मी अडखळले की त्या हातानेच 'मोठ्याने बोल' अशी खूण करीत. त्याच बळावर आज वारज्यात माझा स्वतःचा दवाखाना उभा आहे.

गेल्याच आठवड्यात त्यांचा फोन आला. "अगं, बाजारात कोळशाची काळी पेस्ट आलीय! दात पांढरे करते म्हणे. रविवारी येतेस?"

मॅडम, आपणांस निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आपले हात असेच स्थिर राहोत आणि नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि आमचे रविवार आपण असेच हक्काने मागत राहा. मी येतेच आहे.