रेडिएटरमधली हळद
हळदीचं दूध उकळायला लागलं की मला घाटघरच्या चढावरची ती दुपार आठवते. माझ्या धाकट्या भावाने त्याचा जुना ट्रक आम्हाला विकला होता. पहिल्याच खेपेला, भाताची पोती आणायला, मी नवऱ्याबरोबर केबिनमध्ये बसले होते. निम्मा चढ चढलो आणि बॉनेटमधून वाफेचा लोट निघाला. इंजिन तापल्याचा लाल दिवा मात्र लागलाच नव्हता. बराच वेळ थांबून नवऱ्याने गोणपाटाने धरून रेडिएटरचं झाकण सैल केलं, तरी पिवळाजर्द, चिकट, आंबूस वासाचा रेंदा उसळला आणि त्याच्या मनगटापर्यंतची कातडी सोलवटून गेली. जुन्नरच्या मिस्त्रीने आत डोकावून पाहिलं आणि तो बाजूला जाऊन थुंकलाच. म्हणाला, "गळती बुजवायला हळद कोंबलीय, वहिनी. नळ्या पार तुंबल्यात. आन दिव्याची वायर कुनीतरी मुद्दाम कापून वर चिकटपट्टी लावलीय." मी तिथूनच भावाला फोन लावला. तो चक्क हसला. "अगं ताई, लाल दिवा लागला की गिऱ्हाईक बिचकतं. समदेच करत्यात." मी विचारलं, "आमी गिऱ्हाईक व्हय रे?" त्यावर म्हणतो कसा, "आता गाडी इकायचीच व्हती म्हणल्यावर..." पुढचं मी ऐकलंच नाही. भाऊबीजेला तो अजून येतो आणि आईसाठी मी त्याला ओवाळते. पण माझं बोट त्याच्या कपाळाला लागू नये म्हणून कुंकू काडीने लावते.