मावसाजींचा खारा लोटा

आमच्या मावसाजींइतका हट्टी माणूस दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात दुसरा झाला नाही, आणि होऊ नये. देवानं त्या पट्ट्याला वर काळीभोर जमीन दिली आणि खाली मिठाचं पाणी ठेवलं. म्हणून तिथे बापजाद्यांनी गहू कधी भिजवलाच नाही. जमिनीतल्या ओलीवर येईल तेवढा बन्सी गहू घ्यायचा. त्या बन्सीच्या पोळीची चव काय सांगू! मावसाजींना मात्र ओलिताचा गहू हवा होता. बोअर मारली, पाणी लागलं म्हणून गावभर पेढे वाटले. ते पाणी तोंडात घेतलं की माणसाचं तोंड वाकडं व्हायचं. वर हेच दरडावणार, "पाण्याले पाणी म्हना, नखरे काहून करता?"

पहिल्या वर्षी गहू खरंच डोलला. प्रत्येक सोयऱ्याला बांधावर उभं करून तो दाखवला. मावशी तेवढी म्हणाली, "वावराले पाजता ते आंधी सोता पिऊन पाहा." झालं! त्या दिवसापासून हा गृहस्थ रोज सकाळी ओट्यावर बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर बोअरचं लोटाभर पाणी घटाघटा प्यायचा, मिशा पुसायचा आणि "अमृत!" म्हणायचा. घरात नळाचं गोड पाणी भरलेलं असताना! आम्ही पोट धरून हसायचो.

पुढे वावरावर मिठाचं पांढरं फुटलं. ढेकळं दगडासारखी झाली, गहू गुडघ्याला येईना. मावसाजींनी वावराला बोअरचं पाणी देणं बंद केलं, पण स्वतःचा लोटा काही सुटला नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी किडनीचं नाव घेऊन झापलं, तरी नाही. मी एकदा चिडून गेलो, तर ओटा रिकामा. हे परसात भिंतीकडे तोंड करून पीत होते.

"आता कोणाला दाखवायचंय, मावसाजी?"

"वावराले म्या पाजलं, बाप्पा. त्याच्या तोंडची चव जाईन, तवा मी गोड पिईन."

असा राग आला, आणि रडूही आलं. अशा माणसाचं करावं तरी काय? पावसानं धुऊन धुऊन अशी जमीन गोड व्हायला वर्षं लागतात, आणि मावसाजींजवळ ती नव्हती. शेवटच्या दुपारी मावशीनं ओठांना नळाच्या पाण्याचा चमचा लावला, तर त्यांनी दात घट्ट आवळले. जन्मभर त्यांच्याशी भांडलेली मावशी कानाशी वाकली. "वावरातलंच हाय जी. गोड झालं."

त्यांनी तोंड उघडलं, घोट घेतला. "मंग औंदा बन्सीच पेरजो," म्हणाले.

वावर अजून पडीतच आहे. मावशी बन्सीचं बियाणं दरवर्षी उन्हात घालते, आणि पुन्हा भरून ठेवते.